सगळ्यांत हळू चालणारा पुढे: घरच्यांना घेऊन फिरायला जाताना

फिरायला जायचं म्हटलं की बहुतेक घरांत पहिला प्रश्न असतो, "कुठे जायचं?" माझा पहिला प्रश्न असतो, "कोण कोण येतंय?" आमच्याकडे चार वर्षांची मुलगी आहे, चौदा वर्षांचा मुलगा आहे आणि सासूबाईंचा उजवा गुडघा उतारावर दुखतो. त्या दिवशी ज्याची चाल सगळ्यांत हळू, त्याला झेपेल तेवढंच अंतर आणि तेवढाच चढ. ठिकाण त्यानंतर शोधायचं.

ही चाल कळते ती रोजच्या फेरफटक्यात. घराजवळचा एक किलोमीटरचा रस्ता धरा, फोनवर वेळ लावा आणि नेहमीसारखे चाला. मूल खडा उचलायला थांबलं, आजी टेकली, कुणी ओळखीचं भेटलं, तरी घड्याळ चालूच ठेवा. मोठं माणूस सपाटीवर १२ मिनिटांत किलोमीटर चालतं. आमच्या लेकीसोबत तेवढ्यालाच २५ मिनिटं लागतात. हा आकडा हाती असला की लांबच्या सहलीचं गणित सोपं होतं. ६ किलोमीटर म्हणजे आमच्यासाठी अडीच तास, तेही चढ धरायच्या आधी.

चढासाठी डोंगरात फिरणारी माणसं अजूनही एक जुना हिशेब वापरतात. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो १८९२ साली मांडला. दर ५ किलोमीटरला एक तास, आणि एकूण चढ जितका असेल त्यातल्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. हा हिशेब धडधाकट माणसाचा आहे आणि त्यात विश्रांती धरलेली नाही. ६ किलोमीटर अंतर आणि ३०० मीटर चढ असेल, तर त्याप्रमाणे पावणेदोन तासांच्या आत व्हायला हवं. लहान मूल किंवा वयस्कर माणूस सोबत असेल तर मी ते सरळ दुप्पट करते. साडेतीन तास हातात नसतील तर तो रस्ता त्या दिवशी आमचा नाही.

रोजच्या फेरफटक्याला मी कमी लेखत नाही. लांब चालायची सवय तिथेच लागते. त्यातही आठवड्यातून एखादा दिवस वळणं लेकीने ठरवायची. डावीकडे की उजवीकडे हे ती सांगणार आणि आम्ही तिच्या मागून जाणार. रस्ता स्वतः निवडला की मूल जास्त चालतं, हे मी अनेकदा पाहिलंय.

ओळीने चालताना सगळ्यांत हळू चालणारा पुढे. हा नियम मी कधीच सोडत नाही. मागे राहणारं माणूस नेहमी धापा टाकत पोचतं, तोवर पुढच्यांची विश्रांती झालेली असते आणि ते उठून चालायला लागतात. म्हणजे ज्याला विश्रांतीची सगळ्यांत जास्त गरज, त्यालाच ती मिळत नाही. सासूबाई पुढे असल्या की त्या म्हणतील तेव्हा सगळे थांबतात. शेवटी चालायचं काम मुलाकडे आहे. प्रथमोपचाराची पिशवी त्याच्या पाठीवर असते आणि त्याच्या मागे आपलं कुणी असता कामा नये. या वयाच्या मुलांना नुसतं "चल आमच्याबरोबर" म्हटलं की कंटाळा येतो. खरी जबाबदारी दिली की ती मनापासून सांभाळतात.

रस्ता शक्यतो गेल्या वाटेने परत येणारा निवडा. गोल फेरी दिसायला छान, पण निम्म्यावर गेल्यावर मूल थकलं तर मागे फिरा की पुढे जा, अंतर जवळपास सारखंच. सरळ जाऊन परत यायचं असेल तर कुठूनही वळता येतं. निघतानाच वळायची वेळ ठरवून सगळ्यांना सांगायची. जेवढा वेळ हातात, त्याच्या तिसऱ्या हिश्शात पुढे जायचं आणि उरलेले दोन हिस्से परतीसाठी ठेवायचे, कारण परतताना पाय थकलेले असतात. ठरलेली वेळ झाली की शिखर समोर दिसत असलं तरी वळायचं.

आता पायांकडे. बूट संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. लांब चालताना घालायचे मोजेच घालून बघा. उभं राहिल्यावर सगळ्यांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. उतारावर पाय पुढे सरकतो आणि बोटं आपटतात, म्हणून उतार सुरू व्हायच्या आधी थांबून घोट्याजवळची लेस घट्ट करायची. नखं आदल्या दिवशी कापून ठेवायची.

फोड येण्याआधी ती जागा चुरचुरते आणि गरम लागते. तेव्हाच थांबायचं, "पुढच्या टप्प्यावर बघू" म्हणायचं नाही. मी दगडावर बसवून बूट काढते, मोजा उलटा करून झटकते. कधी वाळूचा कण निघतो, कधी टाचेखाली मोज्याची चुणी पडलेली असते. पाय पूर्ण कोरडा करायचा. मग चिकटपट्टीचा तुकडा कापून त्याचे चारही कोपरे कात्रीने गोल करायचे, कारण टोकदार कोपरे मोज्याला घासून उचकटतात. पट्टी ताणून लावायची नाही, मधून कडेकडे दाबत बसवायची. चार-पाच मिनिटं जातात, पण उरलेला दिवस वाचतो. सुती मोजे घामाने भिजले की लवकर वाळत नाहीत आणि ओली त्वचा लवकर सोलते. म्हणून लांबच्या चालीला लोकरीचे किंवा सिंथेटिक मोजे, आणि सॅकमध्ये प्रत्येकासाठी एक जादा जोड.

गुडघेदुखी असलेल्यांना चढापेक्षा उतार जास्त त्रास देतो. चढ आधी आणि उतार शेवटी, असा रस्ता वरवर सोयीचा वाटतो, पण थकलेल्या पायांवर सगळा उतार येतो. सासूबाईंसाठी मी लांब पण सौम्य उताराची वाट शोधते आणि उंच पायऱ्या टाळते. उतारावर पावलं लहान, गुडघे जरासे वाकलेले, दोन्ही हातांत काठ्या. काठीची लांबी कमीजास्त होत असेल तर उतरताना ती थोडी वाढवायची.

लहान मुलांना "झालंच, थोडंसं राहिलंय" असं खोटं सांगू नका. दोनदा फसलं की तिसऱ्यांदा मूल ऐकत नाही, आणि ते बरोबरच आहे. खरं अंतर तुकडे करून सांगा: आधी तो पूल, मग ते वाकडं झाड, तिथे खाऊ. भूक लागायची वाट बघू नका, पाऊण-एक तासाने थोडं थोडं द्या. पाणीही घोट घोट, सारखं. उन्हात चालताना मोठ्या माणसाला तासाला सुमारे अर्धा लिटर लागू शकतं, तेव्हा पाण्याचं ओझं आधी धरा आणि बाकीचं सामान नंतर. "उचलून घे" हे कधीतरी येणारच, म्हणून तिला उचलून जेवढं अंतर आपण परत येऊ शकू त्यापलीकडे मी जात नाही. पाठीवरच्या कॅरिअरमध्ये बसलेलं मूल स्वतः चालत नसतं. आपल्याला घाम फुटलेला असतो तेव्हाही त्याचे हातपाय गार पडलेले असू शकतात. मधूनमधून हात लावून बघा आणि त्याला आपल्यापेक्षा एक कपडा जास्त घाला.

घरापासून लांब, विशेषतः डोंगरात जाताना आणखी काही गोष्टी लागतात. दर १००० मीटर उंचीमागे तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं आणि वारा असेल तर गारठा त्याहून जास्त जाणवतो, म्हणून पायथ्याशी ऊन असलं तरी वारा अडवणारं जाकीट सॅकमध्ये हवंच. नकाशा घरीच फोनमध्ये उतरवून घ्या. जीपीएस उपग्रहांकडून संदेश घेतं, त्यामुळे मोबाइलला रेंज नसली तरी आपण कुठे आहोत ते दिसतं. एअरप्लेन मोड लावून ठेवा. रेंज शोधण्यातच फोनची बरीच बॅटरी संपते. नकाशावर समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) एकमेकींना खेटून दिसल्या की तिथे खडा चढ आहे असं समजा. कुठे जातोय, किती वाजता परतणार आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर चौकशी सुरू करायची, हे मागे राहिलेल्या एका माणसाला सांगून निघा.

वीज चमकली की मोजायला लागा. गडगडाट ३० सेकंदांच्या आत ऐकू आला तर वीज साधारण १० किलोमीटरच्या आत आहे. लगेच पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं तिथेच थांबा. एकट्या झाडाखाली आसरा घेऊ नका. दिवस किती उरलाय हे पाहायला हात लांब करून बोटं आडवी धरा. क्षितिज आणि सूर्य यांच्यात मावणारं प्रत्येक बोट म्हणजे अंदाजे १५ मिनिटं (सूर्याकडे टक लावून बघू नका). दरीत मात्र सूर्य कड्याआड लवकर जातो, तेव्हा तिथे यातून बराच वेळ वजा करा.

निघताना सगळ्यांचा त्या दिवशीच्या कपड्यांत एक फोटो काढा. कुणी चुकलंच तर शर्टाचा रंग आठवत बसावं लागत नाही. मुलांच्या गळ्यात शिटी अडकवा आणि घराजवळच्या बागेत सराव करून घ्या: हरवलास तर जिथे आहेस तिथेच, एखाद्या झाडाजवळ थांब आणि शिटी वाजव. डोंगरातली मदतीची खूण म्हणजे एका मिनिटात सहा शिट्या, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा. उत्तरादाखल तीन शिट्या येतात. आमच्या लेकीला सहा मोजता येत नव्हते तेव्हा "वाजवत राहा आणि हलू नकोस" एवढंच शिकवलं होतं, तेही पुरेसं आहे.

परत आल्यावर त्याच संध्याकाळी सॅक रिकामी करा, बूट उघडून हवेला ठेवा, संपलेली पट्टी लगेच आणून पिशवीत टाका. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येकाला विचारा, काय दुखतंय. सासूबाईंचा गुडघा दोन दिवसांत बरा झाला तर पुढच्या वेळी मी थोडं पुढे जायचं ठरवते, नाहीतर तेवढ्यावरच थांबते. आणि वाढवायचं झालं तर अंतर, चढ किंवा मुक्काम यांतलं एकाच वेळी एकच वाढवायचं.