लाइफबोटीचा जुना फोटो: आधी बोट बघा, चेहरे नंतर, कॅप्शन सगळ्यात शेवटी

दर एप्रिलमध्ये तो फोटो फिरतोच. काळंकुट्ट पाणी, लाइफबोटीत दाटीवाटीनं बसलेली माणसं, मागं तिरकं झालेलं टायटॅनिक आणि खाली लिहिलेलं, जहाज बुडताना काढलेला खरा फोटो. आधीच सांगून टाकतो म्हणजे निम्म्या फोटोंचा निकाल इथंच लागेल, टायटॅनिक बुडतानाचा एकही फोटो नाहीये. १४ एप्रिल १९१२ ला रात्री ११.४० ला हिमनग लागला, पहाटे २.२० ला जहाज खाली गेलं, अमावास्या दोन-तीन दिवसांवर होती म्हणजे चंद्रही नाही, आणि त्या काळच्या साध्या कॅमेऱ्यात हलत्या बोटीतून अंधारात काही उमटणं शक्यच नव्हतं. चित्रं मात्र ढीगभर आहेत, तीच घासूनपुसून फोटो म्हणून पुढं ढकलली जातात.

मग खरे फोटो कुठले? बोटींतल्या वाचलेल्या माणसांना उचलायला आलेल्या कार्पेथिया जहाजावरून काढलेले. ते जहाज पहाटे ४ च्या सुमाराला पोचलं, पहिली बोट ४.१० ला लागली, शेवटची साडेआठच्या आसपास. आता यात एक गंमत आहे, पहिली बोट आली तेव्हा उजाडलंच नव्हतं, त्यामुळं ज्या बोटी फोटोत स्पष्ट दिसतात त्या सगळ्या नंतर आलेल्या, उजेड झाल्यावरच्या. हे एवढं डोक्यात ठेवलं तरी 'पहिल्या बोटीचा दुर्मिळ फोटो' असलं काही आलं की लगेच शंका घेता येते.

आता बोट कशी वाचायची ते. टायटॅनिकवर एकूण २० बोटी होत्या, १४ मोठ्या लाकडी, २ लहान लाकडी आणि ४ घडीच्या, म्हणजे तळ लाकडाचा आणि बाजू कॅनव्हासच्या, वर ओढून उभ्या करायच्या. या चौघींना ए, बी, सी, डी अशी नावं. फोटो झूम करा आणि बोटीची कड बघा. लाकडी बोटीची कड सरळ आणि जाड दिसते, फळ्यांच्या आडव्या रेघा दिसतात. घडीच्या बोटीची बाजू बुटकी, कापडासारखी जराशी पोक आलेली, माणसं पाण्याच्या अगदी जवळ बसल्यासारखी वाटतात.

समजा कार्पेथियाकडं येणारी घडीची बोट दिसली, तर ती चारपैकी कुठली? इथं पुस्तक उघडायची पण गरज नाही. ए बोटीच्या बाजू वर ओढल्याच गेल्या नव्हत्या, ती पाण्यानं भरली, तिच्यातल्या जिवंत लोकांना १४ नंबरच्या बोटीनं काढून घेतलं आणि ती तशीच सोडून दिली, महिनाभरानं दुसऱ्या जहाजाला ती सापडली. बी तर उलटीच तरंगत होती, तिच्यावर कसेबसे टिकलेले लोक ४ आणि १२ नंबरच्या बोटींत गेले. म्हणजे कार्पेथियाजवळ माणसांनी भरलेली घडीची बोट असेल तर ती सी किंवा डी, तिसरा पर्याय नाही. आणि शेजारच्या फोटोत पुढं शीड लावलेली लाकडी बोट दोरीनं तिला ओढतेय असं दिसलं तर डी, कारण १४ नंबरच्या बोटीनं डोलकाठी उभी करून शीड लावलं होतं आणि डीला ओढत आणलं होतं. मला स्वतःला हे असं कळलं तेव्हा जो आनंद झाला तो कुठल्याही चेहऱ्यावर गोल काढून 'हीच ती' म्हणण्यात नाही.

बोटीत माणसं किती आहेत तेही मोजा, अंदाजानं का होईना. मोठ्या बोटीची क्षमता ६५, घडीच्या बोटीची ४७. सुरुवातीला सोडलेल्या बोटी बऱ्याच रिकाम्या निघाल्या होत्या हे खरं, पण पाण्यावर आल्यावर माणसं या बोटीतून त्या बोटीत हलवली गेली, त्यामुळं फोटोतली गर्दी बघून 'बघा किती भरून सोडली' किंवा 'बघा किती रिकामी सोडली' असा निष्कर्ष काढू नका. तो आकडा सकाळचा आहे, रात्रीचा नाही.

रिकाम्या बोटी ओळीनं लावलेल्या दिसल्या तर तो समुद्रच नाही. कार्पेथियानं १३ बोटी बरोबर घेतल्या होत्या आणि १८ एप्रिलला रात्री न्यूयॉर्कला आल्यावर आधी टायटॅनिकच्या मालक व्हाइट स्टार कंपनीच्या ५९ नंबरच्या धक्क्याशी त्या उतरवल्या, मग ५४ नंबरच्या धक्क्याला जाऊन माणसं उतरवली. तो धक्क्यावरचा फोटो.

कपडे आणि लाइफबेल्ट. त्या वेळचे बेल्ट म्हणजे कॅनव्हासमध्ये शिवलेले बुचाचे जाड ठोकळे, पांढुरके, गळ्यात पाटी अडकवल्यासारखे दिसणारे. रंगवलेल्या फोटोत ते नारिंगी दिसले तर रंगवणाऱ्यानं आजचा रंग मारलाय एवढंच समजा, खाली फोटो खरा असू शकतो. म्हणून रंगीत कॉपी हातात आली की आधी काळीपांढरी शोधा. आणि ते एआयनं 'शार्प' केलेले चेहरे तर बघूच नका, मूळ फोटोत जिथं चार राखाडी ठिपके आहेत तिथं मशीननं नाक-डोळे बसवलेले असतात, ते त्या माणसाचे नसतात.

खऱ्या फोटोचा पोतही ओळखता येतो. कार्पेथियावरच्या प्रवाशांकडं जे कॅमेरे होते त्यातला एक बर्निस पामर नावाच्या कॅनडाच्या मुलीचा, कोडॅकचा ब्राउनी, साधा डबा, फोकस बदलता येत नाही. तिनं हिमनगाचे आणि डेकवरच्या लोकांचे फोटो काढले, एका फोटो कंपनीला १० डॉलरला विकले, आणि तो कॅमेरा आता अमेरिकेत स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे. असे फोटो लांबून काढलेले, वरून खाली बघणारे, थोडे वाकडे, कडेला कठडा किंवा दोरी मधे आलेली. ज्यात बोटीतल्या बाईचा चेहरा अगदी जवळून, छान उजेडात, डोळ्यातलं पाणी दिसेल असा आलाय तो सिनेमातला समजा.

मी यातच एकदा आपटलोय. वाचलेल्या अभिनेत्रीचा फोटो म्हणून मी कौतुकानं टाकला होता, डोरोथी गिब्सन, बाई खरोखर ७ नंबरच्या बोटीत होती, नाव बरोबर, चेहरा बरोबर, कपडेसुद्धा त्या रात्रीचेच! फक्त फोटो सिनेमाचा, कारण तिनं महिन्याच्या आत त्याच घटनेवरच्या मूकपटात काम केलं आणि तेच कपडे घातले. एकानं खाली शांतपणे लिहिलं, कॅमेरा कुठं ठेवला होता हो? तेव्हापासून हा प्रश्न मी प्रत्येक फोटोला विचारतो. फोटो काढणारा कुठं उभा होता, किती उंचीवर, आणि तिथं तो त्या वेळी असू शकतो का.

हाच प्रश्न दुसऱ्या जहाजांनाही लावा, उत्तर दर वेळी वेगळं येतं. लुसिटानिया ७ मे १९१५ ला टॉर्पेडो लागून १८ मिनिटांत बुडालं, ४८ बोटींपैकी जेमतेम ६ नीट निघाल्या, तिथं कोण फोटो काढत बसणार, त्यामुळं वाचलेल्यांचे फोटो प्रामुख्यानं आयर्लंडमधल्या क्वीन्सटाउनच्या जमिनीवरचे. उलट १९२८ ला व्हेस्ट्रिस बुडत होतं तेव्हा जहाजावरच्याच एका कर्मचाऱ्यानं तिरक्या डेकवरून फोटो काढले आणि ते छापूनही आले. म्हणजे बुडत्या जहाजावरचा फोटो दिसला की खोटाच, असंही नाही.

आता शोधायचं कसं. गुगल लेन्स किंवा टिनआय या फोटोवरून फोटो शोधणाऱ्या साइटवर टाका, पण पहिल्या दहा निकालांवर जाऊ नका, ते एकमेकांचंच कॅप्शन चिकटवतात. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये बेन न्यूज सर्व्हिस या त्या वेळच्या बातम्यांचे फोटो पुरवणाऱ्या संस्थेच्या काचेच्या निगेटिव्ह आहेत, त्यात कार्पेथियाजवळच्या बोटी आहेत, मोठी टिफ फाइल फुकट उतरवता येते. काचेवर हातानं लिहिलेलं असतं, ती अक्षरं उलटी दिसली तर फोटो आरशासारखा फिरलाय, मग डावं-उजवं सगळं बदला. आणि तिथली नोंद नीट वाचा, लायब्ररी स्वतःच म्हणते की शीर्षक बेनच्या पडताळणी न केलेल्या माहितीवरून घेतलंय. वर्तमानपत्रातलं कात्रण असेल तर वल्ही झूम करून बघा, फारच सरळ आणि पांढरी दिसली तर छापण्याआधी ब्रशनं गिरवलीयेत, तेव्हा सर्रास करायचे.

नाव लावायची घाई करू नका. त्याच बेनच्या संग्रहात दोन लहान मुलांचा फोटो आहे, निगेटिव्हवर लिहिलंय लुई आणि लोला, टायटॅनिकमधून वाचलेले. मुलं डी बोटीतून आली होती, वडील खोट्या नावानं प्रवास करत होते आणि बुडाले, मुलांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून कुणी काही कुणी काही नाव ठेवलं. खरी नावं मिशेल आणि एदमों नाव्रातिल, आई फ्रान्सहून मे महिन्यात येऊन घेऊन गेली, दोघंही मुलगेच.

मी फाइल सेव्ह करताना नावातच लिहितो: घडीची बोट, बहुतेक डी, कार्पेथियावरून, १५ एप्रिल १९१२ सकाळ, माणसं अज्ञात. 'बहुतेक' गाळायचं नाही. त्या दोन मुलांच्या निगेटिव्हवर सुद्धा लोलाच्या पुढं एक प्रश्नचिन्ह आहे, लिहिणाऱ्यानं १९१२ लाच घातलेलं, पुढं कॉपी करणाऱ्यांनी तेवढंच नेमकं गाळलं.