जुन्या पीसीत नवं ग्राफिक कार्ड बसवताय? या चुका टाळा

आधी कार्ड विकत घ्यायचं आणि मग कॅबिनेटचं झाकण उघडायचं, असा उलटा कारभार बहुतेक जण करतात. सगळी भानगड तिथूनच सुरू होते. यूट्यूबवरचे एफपीएसचे (गेम सेकंदाला किती फ्रेम दाखवतो त्याचे) आकडे तोंडपाठ असतात, पण स्वतःच्या एसएमपीएसवरचं, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावरचं, लेबल कधी वाचलेलं नसतं. तेव्हा आधी एसएमपीएसचंच बघू.

आठ-दहा वर्षांपूर्वी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा गावातल्या दुकानातून जोडून घेतलेल्या पीसीत पुष्कळदा कॅबिनेटबरोबर आलेला एसएमपीएस असतो. त्यावर '४५० वॅट' असं ठळक छापलेलं असतं. त्या आकड्याकडे बघूच नका. लेबलवर +१२ व्होल्टचा रकाना शोधा आणि तिथल्या अँपिअरला १२ ने गुणा. १६ अँपिअर असतील तर हाती आले १९२ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोघंही याच १२ व्होल्टवर चालतात, बाकीचे वॅट कागदावरच राहतात. १२ व्होल्टचे दोन रकाने असतील तर सरळ बेरीज करू नका, एकत्रित मर्यादा वेगळी दिलेली असते. आता इंटेलच्या आय५-४४६० प्रोसेसरचे ८४ वॅट आणि आरटीएक्स ३०५० च्या ८ जीबीवाल्या कार्डाचे १३० वॅट धरा. झाले २१४. पंखे आणि हार्ड डिस्क अजून मोजलेच नाहीत.

बरं, अशा एसएमपीएसला कार्डासाठी लागणारी ८ पिनची केबलही नसते. मग हार्ड डिस्कच्या वीज-केबलला (साटाला) जोडायचा शे-दोनशे रुपयांचा 'साटा टू ८ पिन' कन्व्हर्टर येतो आणि पुढचं सगळं ठरलेलं असतं. पीसी चालू होतो, ब्राउझर चालतो, व्हिडिओ चालतात. गेम लावला की दहा मिनिटांत स्क्रीन काळी होते आणि पीसी रीस्टार्ट. ड्रायव्हर बदलतात, विंडोज नव्याने टाकतात, कार्ड वॉरंटीत पाठवतात. ते 'दोष नाही' असा शेरा घेऊन परत येतं. शेवटी जळका वास आल्यावर झाकण उघडलं जातं, तर साटाचं काळं प्लॅस्टिक वितळून पिनांना चिकटलेलं असतं.

याचं कारण साधं आहे. साटाच्या कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकी दीड अँपिअरच्या. म्हणजे जेमतेम ५४ वॅट. कार्डाच्या ६ पिनला ७५ वॅट आणि ८ पिनला १५० वॅट मागायचा हक्क आहे. दोन साटा जोडले तरी १०८ च होतात, आणि ते दोन्ही बहुधा एकाच वायरवर असतात. चालतंय ना, मग राहू दे, असं म्हणणाऱ्यांपुढे हात टेकले.

चांगल्या कंपनीचा, स्वतःची ६+२ पिनची केबल असलेला ५५० वॅटचा '८० प्लस ब्राँझ' (वीज कमी वाया घालवणारा) एसएमपीएस आधी घ्या. उरलेल्या पैशांत बसेल ते कार्ड घ्या. एसएमपीएस बदलायचाच नसेल, तर मदरबोर्डच्या स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॅटवर भागणारं कार्ड बघा. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं कार्ड ७० वॅटचं आहे आणि त्याच्या बहुतेक मॉडेलना वेगळी केबल लागत नाही. प्रोसेसरची ४+४ पिनची केबल कार्डात दाबून बसवायचा उद्योग करू नका, तिच्यात १२ व्होल्ट आणि ग्राउंड उलट्या बाजूंना असतात. मॉड्युलर (केबल सुट्या होणाऱ्या) एसएमपीएसची केबल दुसऱ्या मॉडेलला लावणंही तितकंच महागात पडतं.

दुसरी चूक दिसत नाही म्हणून जास्त त्रास देते. एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड २०२२ च्या जानेवारीत आलं. कनेक्टर लांबीला पूर्ण दिसतो, पण आत लेन, म्हणजे डेटा ये-जा करायच्या वाटा, फक्त चार. पीसीआय एक्सप्रेस (कार्डाच्या स्लॉटची पद्धत) ४.० च्या बोर्डवर त्या चार लेनना सेकंदाला सुमारे ८ जीबी मिळतात. आय५-४४६० चालणाऱ्या जुन्या एच८१ बोर्डचा स्लॉट २.० चा असतो, तिथे मिळतात २ जीबी. त्यात कार्डाची मेमरी ४ जीबी. गेमचे टेक्स्चर तिच्यात मावले नाहीत की ते रॅममधून याच चिंचोळ्या वाटेने आणावे लागतात आणि गेम दर काही सेकंदांनी अडखळतो. लोक प्रोसेसरला शिव्या देत बसतात. अशा बोर्डवर सोळा लेनचं सेकंडहँड जीटीएक्स १६६० सुपर बरं. फक्त ते १२५ वॅटचं आहे आणि त्याला ८ पिन लागते, म्हणजे पुन्हा एसएमपीएस आलाच. लेन किती मिळतात ते जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये 'बस इंटरफेस'समोर दिसतं. शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून रेंडर टेस्ट चालू केल्यावरच तो आकडा खरा माना, कार्ड रिकामं असताना वेग आपोआप उतरलेला असतो.

इंटेलचं आर्क कार्ड अशा पीसीत घेऊच नका. त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो, आय५-४४६० सारख्या चौथ्या पिढीच्या प्रोसेसरच्या बोर्डवर तो नसतो.

मुळात कार्ड बदलायची गरज आहे का? गेम चालू असताना आफ्टरबर्नर या प्रोग्रॅममध्ये जीपीयूचा, म्हणजे कार्डावरच्या चिपचा, वापर बघा. ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्ड कमी पडतंय. ६० टक्क्यांवर रेंगाळत असेल तर प्रोसेसर दमलाय किंवा रॅमची एकच स्टिक आहे. तिथे कार्डापेक्षा दुसरी स्टिक स्वस्तात काम करून जाते.

लांबी मोजा, तीही हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत. जुनं कार्ड काढताना आधी स्क्रू, मग स्लॉटच्या टोकाची खिटी. नुसतं ओढलं तर खिटी तुटते. जुना ड्रायव्हर सेफ मोडमध्ये डीडीयूने (ड्रायव्हर मुळापासून काढणाऱ्या प्रोग्रॅमने) काढा आणि तेवढा वेळ इंटरनेटची वायर काढून ठेवा, नाहीतर विंडोज मध्येच स्वतःचा ड्रायव्हर घुसवतं. मॉनिटर फक्त व्हीजीएचा असेल तर ॲक्टिव्ह कन्व्हर्टर लागतो, नव्या कार्डातून ॲनालॉग सिग्नल येतच नाही.

नवं कार्ड लावल्यावर डिस्प्ले आला नाही तर लगेच दुकानात धावू नका. आधी मॉनिटरची केबल मदरबोर्डलाच राहिली आहे का बघा. हसू नका, निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. मग कार्ड काढून पुन्हा बसवा, खिटीचा 'टक' आवाज यायला हवा. तरीही काळंच असेल तर जुनं कार्ड किंवा ऑनबोर्ड डिस्प्ले लावून मदरबोर्डचा शेवटचा बायोस (बोर्डमध्येच असलेलं, पीसी सुरू करणारं सॉफ्टवेअर) टाका. बायोस टाकताना वीज जाता कामा नये, यूपीएस नसेल तर लोडशेडिंगच्या दिवशी हे काम काढू नका. त्यानंतर बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने पीसी सुरू करायची सोय) बंद करून बघणार असाल, तर त्याआधी डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन विंडोजची डिस्क जीपीटी (डिस्कच्या विभागणीची नवी पद्धत) आहे ना, हे बघून घ्या. एमबीआर, म्हणजे जुनी पद्धत, असेल तर सीएसएम बंद केल्यावर विंडोज उघडणार नाही. घाबरू नका, सीएसएम पुन्हा चालू केलं की ते उघडतं.