हळदीच्या साउंडला बेस बसवायचा तर

सांगली-मिरजेकडं हळदीला साउंड सांगितला की पहिला प्रश्न ठरलेला, "बेस किती लावताय?" बेस म्हणजे जाड आवाजाचे मोठे बॉक्स. आकडा नंतर बघू. छातीत ठोका बसतो तो साधारण 60 ते 120 हर्ट्झच्या पट्ट्यात, आणि तोही सगळे बॉक्स एकाच वेळी, एकाच दिशेनं हलले तर. आपापसात भांडणाऱ्या चारांपेक्षा जुळलेले दोन बरे.

त्यामुळं टेम्पोतून माल उतरवतानाच जागा ठरवा. अर्धे डावीकडं, अर्धे उजवीकडं लावले की फोटो छान येतो, पण मधोमध दणका आणि दोन पावलं बाजूला सरकलं की काहीच नाही. 80 हर्ट्झची लाट सव्वाचार मीटरची; एका बाजूचा आवाज तिच्या निम्म्यानं मागं पडला की दोघं एकमेकांना खातात. सगळे बेस मध्यभागी, एकाला एक चिकटवून ठेवा. मागं भिंत असेल तर तिलाही चिकटवा. बॉक्सचं तोंड भिंतीपासून दीड मीटर पुढं आलं तर परतणारा आवाज 57 हर्ट्झच्या आसपास, म्हणजे नेमका किकमध्येच (ड्रमच्या जाड ठोक्यात) खड्डा पाडतो.

मग पोलॅरिटी, म्हणजे सगळ्या बॉक्सना प्लस-मायनस वायर सारखीच लागलीय का ते. दुरुस्तीहून आलेल्या बॉक्सवर तर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. एका बॉक्सवर नुसती किक वाजवा, शेजारचा चालू करा. आवाज भरण्याऐवजी पातळ झाला तर एकाची वायर उलटी आहे.

क्रॉसओव्हर, म्हणजे बेस आणि टॉप (वरच्या आवाजाचे बॉक्स) यांच्यात आवाज वाटून देणारी हद्द, 80 ते 100 हर्ट्झच्या मध्ये ठेवा. टॉप बेसच्या पुढं पावणेदोन मीटर असतील तर त्यांना 5 मिलिसेकंद डिले (उशीर) द्या. नाहीतर किकची टकटक आधी येते आणि धक्का मागून. बॉक्स पोर्टवाले (हवेचं भोक असलेले) असतील तर 30-35 हर्ट्झखालचं हाय-पास फिल्टरनं कापा. तिथं स्पीकरचा कोन (पडदा) नुसता मोकाट हलतो, ऐकू फारसं येत नाही आणि ॲम्पची ताकद वाया जाते.

बेसचा नॉब मात्र सरळच ठेवा. तो 6 डीबी वर नेला की ॲम्पकडं चौपट वॅट मागितले जातात, मग क्लिपिंग (आवाज फाटणं) आणि स्पीकरची जळलेली कॉइल. नवरदेवाचा मामा येऊन "अजून वाढव" म्हणणारच. त्याच्यासाठी 250 हर्ट्झच्या आसपासचा घुमारा दोन-तीन डीबी उतरवा, खुश होऊन जाईल.

जनरेटरवर किकबरोबर दिवे मिचमिचले तर व्होल्टेज पडतंय; लायटिंगची लाइन वेगळी काढा. ॲम्प बॉक्सजवळ, स्पीकरची केबल जाड आणि आखूड.

पत्र्याचं छत असेल तर 40 पासून 120 हर्ट्झपर्यंत टोन हळूहळू चढवत कार्यालयभर फिरा. जिथं पत्रा थरथरेल तिथला नटबोल्ट आवळा. हे सगळं दुपारीच उरका. लॉनवर रात्री 10 ला बंद करायचं आहे, आणि आठला वरात दारात आल्यावर पोलॅरिटी कोण बघतो?