पेरणीआधी सुडोमोनास लावताय? जिवाणू जिवंत राहू द्या

पेरणी तोंडावर आली की बियाणे-खताची जुळवाजुळव आधी होते आणि बीजप्रक्रिया शेवटच्या घाईत उरकली जाते. सुडोमोनास फ्लुरोसन्सच्या बाबतीत ही घाई नडते.

सुडोमोनास हा मातीतलाच जिवाणू. मुळांतून पाझरणाऱ्या साखरेवर तो वाढतो आणि मुळाभोवती वस्ती करतो. त्याचे काही वाण फेनाझिन, डीएपीजी अशी प्रतिजैविके तयार करतात. रोपे कोलमडवणाऱ्या, मूळ कुजवणाऱ्या बुरशीची वाढ त्यामुळे रोखली जाते. शिवाय तो आजूबाजूचे लोहही ओढून घेतो, बुरशीला ते कमी पडते. गव्हावर गहू घेतलेल्या शेतात मुळे काळी पाडणारा ‘टेक-ऑल’ रोग काही वर्षे वाढतो आणि मग आपोआप ओसरतो, असे अनेक ठिकाणी आढळले आहे. अशा जमिनींत डीएपीजी बनवणारे सुडोमोनास मुळांवर भरपूर सापडले.

म्हणजे सुडोमोनासची पाकिटातली भुकटी हे काही तयार औषध नव्हे. प्रतिजैविक बनते ते मुळाशी, आणि तेही जिवाणू पुरेशा संख्येने जिवंत पोचले तरच. बॅसिलस या दुसऱ्या जिवाणूसारखे टणक बीजाणू सुडोमोनासला नसतात; ऊन आणि कोरडेपणा त्याला लवकर मारतो. म्हणून पाकीट घेताना अंतिम तारीख नक्की पाहा आणि घरी ते सावलीत, गार जागी ठेवा.

किलोभर बियाण्याला 10 ग्रॅम भुकटी पुरते. ती दाण्याला चिकटावी म्हणून केलेले गुळाचे पाणी पूर्ण थंड झाल्यावरच वापरा. बियाणे गोणपाटावर पसरून त्यावर या पाण्याचा हलका शिपका द्या, भुकटी टाका आणि हलक्या हाताने वरखाली करा. रगडू नका, साल निघते. दाण्यावर पातळ पांढुरका थर दिसला की झाले. सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा. रासायनिक बुरशीनाशक लावायचेच असेल तर ते आधी लावून बियाणे सुकवा. जिवाणू सर्वांत शेवटी. ताम्रयुक्त औषध किंवा स्ट्रेप्टोमायसिन त्याच्यासोबत कधीही मिसळू नका. स्ट्रेप्टोमायसिन 1943 मध्ये मातीतल्याच स्ट्रेप्टोमायसिस या जिवाणूपासून मिळाले खरे, पण ते जिवाणू मारणारे औषध आहे, आपला सुडोमोनासही त्यात जातो.

रोपांच्या पिकात लागवडीआधी मुळे लिटरला 10 ग्रॅमच्या द्रावणात अर्धा तास बुडवा. जमिनीतून द्यायचे तर एकरी 1 किलो भुकटी पूर्ण कुजलेल्या ओलसर शेणखतात मिसळा आणि वाफसा असताना संध्याकाळी टाका. तापलेल्या कोरड्या मातीत टाकलेली भुकटी वायाच जाते. पाकिटावरचे प्रमाण वेगळे असेल तर तेच पाळा.

एक मात्र स्पष्ट सांगतो: झाड मरू लागल्यावर केलेल्या आळवणीतून (मुळाशी द्रावण ओतण्यातून) फार आशा धरू नका, हा उपाय रोग येण्याआधीचा आहे. आणि पाणी साचणाऱ्या वाफ्यात आधी चर काढा, तिथे एकटा जिवाणू पुरा पडत नाही. उरलेले फोडलेले पाकीट पुढच्या हंगामासाठी ठेवू नका. शेणखतात मिसळून लगेच शेतात टाका.