जुन्या मियाटाचा काटा का नाचतो? इंजिनाच्या तापमानाचं दुखणं शोधायची रीत

बेकर्सफील्डकडून लॉस एंजेलिसला येताना आय-५ महामार्गावर ग्रेपवाइनचा चढ लागतो. सपाट शेतांमधून जाणारा रस्ता अचानक डोंगर चढू लागतो आणि तेजोन खिंडीत सुमारे १,२६० मीटर उंचीवर पोचतो. चढावर पाटी आहे: गाडी तापू नये म्हणून एसी बंद करा. लहानपणी बोरघाटात बॉनेट उघडून वाफा सोडत उभ्या असलेल्या फियाट आणि अँबॅसॅडर पाहिलेल्या माणसाला ती पाटी परकी वाटत नाही. मी एसी निमूटपणे बंद केला. तरीही माझ्या १९९२ च्या मझदा मियाटाचा तापमानाचा काटा मध्य ओलांडून वर सरकत राहिला. खिंडीपलीकडे उतार लागला तसा तो आपोआप खाली आला.

पुढचे दोन महिने मी थर्मोस्टॅट (पाणी पुरेसं तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) बदलला, रेडिएटरचं झाकण बदललं, कूलंट (इंजीन थंड ठेवणारं द्रव) दोनदा काढून भरलं. दुखणं भलतीकडेच होतं, ते पुढे येईलच. काटा *कधी* चढतो हे नीट न पाहता मी सुटे भाग बदलत बसलो, ही माझी चूक. तापमान हलणं हा रोग नाही, ती खूण आहे. ते कोणत्या वेळी हलतं, यावरून निम्मं निदान घरबसल्या होतं.

इथली उदाहरणं पहिल्या पिढीच्या मियाटाची आहेत, म्हणजे १९८९ ते १९९७ मधली, अमेरिकेबाहेर बहुतेक ठिकाणी एमएक्स-५ म्हणून ओळखली जाणारी गाडी. पाण्याने थंड होणाऱ्या कुठल्याही जुन्या गाडीला रीत हीच लागू पडते, आकडे तेवढे आपापल्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्यायचे.

१. किती हलणं ठीक, ते आधी समजून घ्या

मियाटाचा थर्मोस्टॅट ८८ अंश सेल्सिअसच्या आसपास उघडतो. रेडिएटरचा पंखा साधारण ९७ ला सुरू होतो. म्हणजे सिग्नलला उभं असताना पाणी ८८ वरून हळूहळू ९७ पर्यंत चढणार, पंखा घोंघावणार, पाणी पाच-सहा अंश उतरणार, पंखा थांबणार आणि पुन्हा पहिल्यापासून. दर काही मिनिटांनी हा झोका चालूच राहतो. नवीन मालक यालाच घाबरतात.

पाणी उकळेल ही भीतीही थोडी आवरा. निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी असं मिश्रण उघड्यावर १०६-१०७ अंशांना उकळतं. झाकणाने ०.९ बार दाब धरला तर तेच मिश्रण १२० च्या बरंच पुढे जाईपर्यंत उकळत नाही. म्हणून फुटकळ दिसणारं ते झाकण महत्त्वाचं. त्याचं रबर कडक झालं की दाब टिकत नाही आणि एरवी निर्धास्त चालणारी गाडी १०८ ला उकळू लागते. झाकण स्वस्त आहे, शंका आली तर बदलून टाका.

२. काट्यावर विश्वास ठेवू नका, मोजा

काटा म्हणजे तापमान नव्हे. सेन्सर, वायर, अर्थिंग आणि तीस वर्षांचं मीटर यांनी मिळून दिलेली ती साक्ष आहे. पुढच्या काळातल्या बऱ्याच गाड्यांत तर कंपन्यांनी काटा मुद्दाम मधोमध खिळवून ठेवला, म्हणजे ग्राहक उगाच फोन करत नाहीत. मियाटात हेच ऑइल प्रेशरच्या मीटरचं झालं. सुरुवातीच्या गाड्यांत ते खरा दाब दाखवायचं. १९९५ पासून त्याचा काटा नुसता 'आहे' किंवा 'नाही' एवढंच सांगतो, पण ऐट पूर्ण मीटरची.

अमेरिकेत विकलेली गाडी १९९६ किंवा ९७ ची असेल तर तिला ओबीडी-२ चा पोर्ट आहे, म्हणजे गाडीच्या कंप्यूटरकडून माहिती वाचायची खाच. ब्लूटूथचा छोटा डोंगल लावून पाण्याचं तापमान मोबाइलवर अंशांत वाचता येतं. त्याआधीच्या गाड्यांसाठी इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या आणि थर्मोस्टॅटच्या घरावर, म्हणजे वरचा जाड होज (रेडिएटरची रबरी नळी) इंजिनाला जिथे लागतो तिथे, रोखून मोजा. एक खबरदारी घ्या. चकचकीत अॅल्युमिनियमवर हे यंत्र वीस-तीस अंश कमी दाखवून फसवतं. त्या जागी काळी चिकटपट्टी लावा आणि पट्टीवर मोजा.

आता एक हिशोब, जो मला आधी सुचायला हवा होता. मियाटात सुमारे ६ लिटर कूलंट असतं. एवढं पाणी २० अंशांनी तापवायला साधारण ५०० किलोज्यूल लागतात. स्वयंपाकघरातली २,००० वॉटची विजेची किटली त्याला चार मिनिटं घेईल. इंजीन किटलीपेक्षा बरंच जास्त तापवतं, हे खरं, पण पाण्याबरोबर सगळं लोखंडही तापवावं लागतं. तेव्हा हेडलाइट लावताच काटा टुणकन वर उडाला आणि बंद करताच खाली आला, तर तिथे पाणी तापलेलं नाही, अर्थिंग सुटलंय. बॅटरीची ऋण वायर, इंजीन ते बॉडीची पट्टी आणि मीटरमागची अर्थची जोडणी सोडवा, पॉलिश पेपरने घासा, घट्ट आवळा. खर्च शून्य.

३. वही ठेवा

आठवडाभर गाडी चालवताना काटा हलला की चारच गोष्टी टिपून ठेवा: वेग किती होता, चढ होता की सपाट, एसी चालू होता का आणि हीटरमधून गरम हवा येत होती का. शेवटचा प्रश्न उन्हाळ्यात विचित्र वाटेल, पण सगळ्यात जास्त तोच बोलतो. हीटर म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर. त्यात इंजिनाचंच पाणी फिरतं.

मग वही वाचा.

*उभ्या गाडीत चढतो, वेग घेतला की उतरतो.* पंख्याची बाजू बघा. वेगात वारा आपोआप मिळतो, उभ्या गाडीला पंख्याखेरीज कोणी नाही.

*रहदारीत ठीक, हायवेला किंवा चढावर चढतो.* पंखा निर्दोष. रेडिएटर आतून चोंदलाय, बाहेरून किडे-मातीने बुजलाय, खालचा होज आत ओढला जातोय, पाणी फिरवणारा पंप थकलाय किंवा वारा रेडिएटरमधून न जाता दुसरीकडून पळतोय. माझी गाडी इथे होती.

*हायवेला उलट खाली पडतो, हीटर कोमट.* थर्मोस्टॅट उघडा अडकलाय.

*कधी वर, कधी खाली, आणि काटा वर असताना हीटरमधून गार हवा.* पाणी कमी झालंय किंवा आत हवा अडकली आहे. गाडी लगेच बाजूला घ्या. हवेच्या बुडबुड्यात बुडालेला सेन्सर खरं तापमान सांगतच नाही.

४. थंड इंजिनावर पाण्याची पातळी बघा

गाडी रात्रभर उभी राहू द्या. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, फडकं धरूनसुद्धा नाही. सकाळी झाकण काढा. पाणी अगदी तोंडापर्यंत दिसलं पाहिजे. बाजूच्या बाटलीत पाणी आहे म्हणून रेडिएटर भरलेला आहे असं समजू नका. झाकण बिघडलं असेल तर बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, असं बिनदिक्कत घडतं.

तिथेच रेडिएटरच्या वरच्या प्लॅस्टिकच्या टाकीचा रंग बघा. नवी असताना ती काळी असते. तपकिरी, हिरवट झाली असेल तर प्लॅस्टिक ठिसूळ झालंय आणि ते एक दिवस शिवणीवर उभं चिरणार. मियाटावाले एकमेकांना पहिला प्रश्न हाच विचारतात.

पाणी कमी निघालं तर कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं करून भरा. नळाचं, आणि बोअरचं तर नकोच नको. क्षार बसून रेडिएटरच्या नळ्या घरच्या गिझरसारख्या होतात. सांडलेलं कूलंट लगेच धुऊन काढा. एथिलिन ग्लायकॉल गोड लागतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

हवा काढायला गाडीचं नाक रॅम्पवर किंवा चढावर वर करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, झाकण उघडं ठेवूनच थंड इंजीन सुरू करा. वरचा होज अधूनमधून दाबत राहा. बुडबुडे येतील, पातळी बसेल, भर घालत जा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेव्हा पुन्हा भरा आणि झाकण लावा. घाई केली तर सगळं पुन्हा करावं लागतं. मी केलंय.

५. पंखा तपासा

एसी लावला की पंखे फिरायला हवेत. एसीवर फिरतात पण पाणी तापल्यावर नाहीत, तर मोटर चांगली आहे, तापमान ओळखणारा स्विच किंवा त्याची वायर बिघडली आहे. पहिल्या पिढीच्या सुरुवातीच्या मियाटात हा स्विच थर्मोस्टॅटच्या घरावरच बसतो.

आणखी सोपी युक्ती आहे. बॉनेटखाली एक छोटी काळी डबी असते, तिच्या झाकणावर डायग्नोसिस लिहिलेलं. आत टीएफए आणि जीएनडी नावाच्या खाचा आहेत. वायरच्या तुकड्याने त्या दोन जोडा आणि किल्ली ऑनवर फिरवा. मुख्य पंखा फिरला म्हणजे मोटर, रिले, फ्यूज सगळं ठीक. हे करताना हात आणि बाह्या पात्यांपासून लांब.

६. थर्मोस्टॅट काढून फेकू नका

"थर्मोस्टॅट काढून टाका साहेब, कटकट संपली," हा सल्ला पुण्यापासून लॉस एंजेलिसपर्यंत मिळतो. ऐकू नका. थर्मोस्टॅट नसला की इंजीन गरम व्हायला फार वेळ घेतं. कंप्यूटरला वाटतं, अजून थंडच आहे, म्हणून तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. ते सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन काढतं. काटा खाली राहतो खरा, झीज मात्र वाढते.

शंका असेल तर काढून तपासा. रोजच्या स्वयंपाकाचं नाही असं जुनं पातेलं घ्या, पाण्यात थर्मोस्टॅट दोऱ्याने लटकवा, शेजारी थर्मामीटर. ८८ च्या आसपास तोंड उघडू लागलं आणि उकळी येईपर्यंत चांगलं उघडलं तर तो शाबूत आहे. परत बसवताना त्यावरची बारीक हलती पिन वरच्या बाजूला ठेवा, हवा तिथूनच निसटते.

७. वारा कुठून जातो ते बघा

आता माझी गोष्ट. मियाटाचं तोंड लहान आहे. तिथून आलेली हवा रेडिएटरमधूनच जावी म्हणून पुढे बंपरपासून इंजिनाखालपर्यंत प्लॅस्टिकचा मोठा पत्रा लावलेला असतो. तो नसेल तर हवा सोपी वाट धरते आणि रेडिएटरखालून सटकते. शिवाय गाडीखालचा वारा इंजिनाच्या खोलीत घुसतो, रेडिएटरमागे दाब वाढतो आणि समोरची हवा आत ओढलीच जात नाही. कमी वेगात पंखा हे सांभाळून घेतो. ताशी १०० किलोमीटरला चढावर त्याचं काही चालत नाही.

माझ्या गाडीचा पत्रा ऑइल बदलताना एका गॅरेजने काढला होता आणि परत लावलाच नव्हता. मी गाडीखाली एकदाही वाकून पाहिलं नव्हतं. नवा रेडिएटर मागवायच्या आदल्या दिवशी कूलंट कुठे गळतंय का ते बघायला खाली सरपटलो, तर खालून थेट इंजीन दिसलं! जुना पत्रा मिळवला, क्लिपा नव्या घेतल्या. पुढच्या वेळी तोच चढ, तशीच दुपार, आणि काटा जागच्या जागी.

मियाटाची एक जन्मखोड

या गाडीचं इंजीन मुळात मझदा ३२३ साठी आडवं बसवायला बनलेल्या घराण्यातलं. मियाटात ते उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत, बसवताना पाण्याची बाहेर पडायची वाट मागून पुढे आणली. पंपही पुढेच. परिणामी पाणी पुढून येतं, बरंचसं पुढूनच निघून जातं आणि मागच्या चौथ्या सिलिंडरला प्रवाह कमी मिळतो. मागून हीटरकडे जाणारी वाट तेवढी थोडं पाणी ओढते. साध्या वापरात याने काही बिघडत नाही. पण टर्बो लावणारे आणि ट्रॅकवर पळवणारे लोक पाण्याची वाट पुन्हा मागून काढून घेतात. तुम्ही रविवारी फिरायला जाणारे असाल तर त्यात पैसे घालू नका.

मेकॅनिककडे कधी जायचं

पाणी कमी होतंय पण कुठे गळत नाही, सकाळी सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो जो इंजीन तापल्यावरही थांबत नाही, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा थर दिसतो, किंवा चालू इंजिनात रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येतात: यातलं काही असेल तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांमधल्या पॅकिंगचा, संशय घ्या. मेकॅनिक रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी धरून तपासतात. पाण्यात जळालेला वायू असेल तर द्रव पिवळा पडतो.

आणि रस्त्यातच काटा चढला तर

एसी बंद. हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा सगळ्यात जोरात, कितीही घाम येवो. छत उघडं असलेली गाडी आहे, तेवढी एक सोय. वेग कमी करा. तरी काटा लालकडे गेला तर बाजूला घेऊन इंजीन बंद करा. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो. किमान अर्धा-पाऊण तास थांबा. वरचा होज हाताला सोसेल इतका निवला आणि दाबल्यावर मऊ लागला, की मगच झाकणाला हात लावा.