नवा फोन सुरू करण्यापूर्वी जुन्या फोनवर उरकायची कामे

फोन बदलायचा म्हटले की बहुतेकांना काळजी वाटते ती छायाचित्रांची. प्रत्यक्षात छायाचित्रे सहसा कुठे ना कुठे सापडतात. घोडे अडते ते आपली ओळख पटवणाऱ्या गोष्टींपाशी, म्हणजे ओटीपी येणारा क्रमांक, ऑथेंटिकेटर ॲप, बँकेच्या ॲपची नोंदणी आणि कधीकाळी ठेवून विसरलेला एखादा पिन यांपाशी. ही कामे जुना फोन चालू अवस्थेत हाताशी असताना काही मिनिटांत होतात, पण तो पुसला गेल्यावर त्यांतल्या काहींसाठी अर्ज-विनंत्या कराव्या लागतात. म्हणून नवा फोन आला तरी जुना निदान दोन आठवडे चार्ज करून, वाय-फायला जोडून, जवळ ठेवावा. अदलाबदलीच्या सवलतीत तो नवा फोन हाती पडतानाच द्यावा लागणार असेल, तर पुढची तयारी नवा फोन मागवण्याच्या आधीच पूर्ण करावी. सवलतीची रक्कम किरकोळ असेल तर मी ती सरळ सोडून देण्याचाच सल्ला देईन.

सुरुवात खात्यांपासून करावी. जुन्या फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन त्यावर कोणकोणती गुगल किंवा ॲपल खाती चालू आहेत ते पाहावे. एकाच फोनवर दोन-तीन खाती निघणे नवलाचे नाही, आणि कॅलेंडर एका खात्यात तर संपर्क दुसऱ्यात अशी विभागणीही सर्रास आढळते. प्रत्येक खात्याचा पासवर्ड खरोखर आठवतो का, हे एखाद्या संगणकावर नव्याने लॉगिन करूनच तपासावे, कारण फोनने तो कित्येक वर्षांत परत विचारलेला नसतो आणि पाठ असल्याची खात्री बऱ्याचदा त्याआधीच्या पासवर्डबद्दलची निघते. विसरला असेल तर जुन्या फोनवरूनच तो बदलून घ्यावा. त्याच बैठकीत रिकव्हरीसाठी दिलेला मोबाइल क्रमांक आणि ई-मेल पत्ता पाहावा. तिथे बंद पडलेला क्रमांक किंवा सोडलेल्या नोकरीतला पत्ता दिसला, तर तो ताबडतोब बदलावा. फोन उघडण्याचा पिनही आठवून ठेवावा. बोटाचा ठसा आणि चेहरा यांची नोंद ज्या त्या फोनमध्येच राहते, ती नव्या फोनवर जात नाही, आणि माहिती हलवताना जुन्या फोनचा पिन हमखास विचारला जातो.

ऑथेंटिकेटर ॲप वापरणाऱ्यांनी यापुढचा भाग दोनदा वाचावा. हे ॲप लॉगिन करताना पासवर्डनंतर मागितला जाणारा, साधारणपणे दर ३० सेकंदांनी बदलणारा सहा अंकी कोड दाखवते, आणि तो कोड ज्या गुप्त किल्लीवरून तयार होतो ती फोनमध्ये साठवलेली असते. सिम नव्या फोनमध्ये घातल्याने ती तिकडे जात नाही, आणि सिंक, म्हणजे फोन आणि खाते यांतली माहिती आपोआप एकसारखी ठेवण्याची सोय, चालू नसेल तर नव्याने बसवलेले ॲप रिकामेच उघडते. गुगल ऑथेंटिकेटरमध्ये २०२३ पासून गुगल खात्याशी सिंक करण्याची सोय आहे; ती आपल्याकडे चालू आहे का, हे आधी पाहावे. नसेल, तर जुन्या फोनवर खाती निर्यात करण्याचा क्यूआर कोड उघडून तो नव्या फोनने स्कॅन करता येतो, मात्र त्यासाठी दोन्ही फोन एकाच वेळी समोर असावे लागतात. याखेरीज महत्त्वाच्या सेवांचे बॅकअप कोड, म्हणजे ॲप हाताशी नसताना लॉगिनसाठी चालणारे राखीव कोड, काढून घ्यावेत. गुगल एका वेळी आठ अंकी असे दहा कोड देते आणि प्रत्येक कोड एकदाच चालतो. ते कागदावर लिहून महत्त्वाच्या कागदपत्रांसोबत ठेवावेत. त्यांचा स्क्रीनशॉट त्याच फोनमध्ये ठेवणे म्हणजे किल्ली पेटीत टाकून पेटीला कुलूप लावणे होय.

व्हॉट्सॲपसाठी नवा फोन जुन्याच प्रणालीचा आहे की वेगळ्या, हे आधी पाहावे लागते. अँड्रॉइडवरचा बॅकअप गुगल खात्यात जातो, आयफोनवरचा आयक्लाउडमध्ये, आणि एकीकडचा बॅकअप दुसरीकडे उघडत नाही. प्रणाली तीच राहणार असेल तर सेटिंग्जमधल्या चॅट ट्रान्सफरने, क्यूआर कोड स्कॅन करून, सगळे संवाद एका फोनवरून दुसऱ्यावर थेट नेता येतात, आणि मोठा बॅकअप चढवून पुन्हा उतरवण्यापेक्षा हा मार्ग मला अधिक भरवशाचा वाटतो. अँड्रॉइडवरून आयफोनवर जाताना 'मूव्ह टू आयओएस' या ॲपमधून व्हॉट्सॲप निवडावे लागते आणि त्या वेळी आयफोन कोरा असावा लागतो. आधी फोन वापरायला घेऊ आणि संवाद सवडीने आणू, असे ठरवले तर तो पुन्हा पुसण्याची वेळ येते. उलट दिशेने जाताना केबल लागते. आयफोनला यूएसबी-सी जोडणी २०२३ मधल्या १५ क्रमांकाच्या मालिकेपासून आली, त्यामुळे त्याआधीच्या आयफोनसाठी वेगळी केबल लागेल हे ध्यानात घेऊन ती आधीच जुळवून पाहावी. बॅकअप एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात ठेवलेला, असेल, तर त्याचा पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली जवळ आहे याची खात्री करावी. ती हरवली तर खुद्द कंपनीही बॅकअप उघडून देऊ शकत नाही. व्हॉट्सॲपच्या दुहेरी पडताळणीचा सहा अंकी पिन विसरला असेल आणि तिथे ई-मेल जोडलेला नसेल, तर तो नव्याने ठेवण्यासाठी सात दिवस थांबावे लागू शकते, म्हणून ई-मेल आत्ताच जोडून ठेवावा.

आता छायाचित्रे. गुगल खात्यात १५ जीबी जागा मोफत मिळते आणि तीत मेल, ड्राइव्ह व छायाचित्रे या तिघांचा वाटा असतो; आयक्लाउडमध्ये मोफत जागा ५ जीबी असते. जागा भरली की बॅकअप थांबतो, आणि त्याची सूचना इतर पन्नास सूचनांबरोबर बोटाने बाजूला सारली जाते. तेव्हा बॅकअप चालू असल्याच्या खुणेवर विसंबू नये. संगणकावरून त्या खात्यात जाऊन कालचे छायाचित्र आणि सर्वांत जुने छायाचित्र ही दोन्ही तिथे दिसतात का, ते पाहावे. अँड्रॉइडवर कॅमेऱ्याशिवाय इतर फोल्डरांचा बॅकअप स्वतंत्रपणे चालू करावा लागतो, त्यामुळे व्हॉट्सॲपवर आलेली लग्नकार्यांची छायाचित्रे आणि उतरवून घेतलेली कागदपत्रे बऱ्याचदा फोनमध्येच अडकलेली असतात.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. गुगल फोटोज किंवा आयक्लाउड फोटोज हे मुळात सिंक आहे, म्हणजे फोनवर जे घडते तेच खात्यातही घडते. जुना फोन रिकामा करावा म्हणून त्या ॲपमधून छायाचित्रे पुसली, तर ती खात्यातूनही जातात. आयफोनवर पुसलेली छायाचित्रे ३० दिवस आणि गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेली ६० दिवस कचरापेटीत राहतात, तेवढीच काय ती सवलत. म्हणून जुन्या फोनवरची छायाचित्रे हाताने पुसण्याच्या भानगडीत पडू नये. फोन शेवटी एकदम पुसला जाणारच आहे. घरातल्या मुलांच्या लहानपणाच्या चित्रफिती असतील, तर त्यांची एक प्रत हार्डडिस्कवरही उतरवावी. ती डिस्क फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल तिच्यावर उतरत नाही, आणि लांबलचक चित्रफीत नेमकी इथेच अडते.

किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींकडे फार बारकाईने पाहावे. संपर्क फोनच्या किंवा सिमच्या स्मृतीत साठवलेले असतील तर ते खात्यात हलवावेत, शिवाय सगळ्यांची मिळून एक व्हीसीएफ फाइल (संपर्क साठवण्याची फाइल) करून ती स्वतःलाच मेलने पाठवावी. रेकॉर्डर ॲपमधले आवाज पुष्कळदा कुठल्याच बॅकअपमध्ये नसतात. एखाद्या आजोबांच्या आवाजातली गोष्ट तिथेच पडून असू शकते. मेमरी कार्ड फोनच्या अंतर्गत स्मृतीचा भाग म्हणून जोडलेले असेल, तर ते त्याच फोनपुरते एन्क्रिप्ट झालेले असते आणि काढून दुसरीकडे घातल्यास वाचता येत नाही, म्हणून त्यावरचा मजकूर आधीच बाहेर काढावा. ॲपल वॉच वापरणाऱ्यांनी ते आधी जुन्या आयफोनपासून विलग करावे आणि मगच आयफोनचा बॅकअप घ्यावा, कारण घड्याळाचा बॅकअप विलग करताना तयार होतो आणि तो आयफोनमध्येच साठतो. आयफोनचा बॅकअप संगणकावर घेणार असल्यास एन्क्रिप्शनचा पर्याय निवडावा, नाहीतर आरोग्यविषयक नोंदी आणि साठवलेले पासवर्ड त्यात येत नाहीत.

कार्यालयीन कामासाठी हाच फोन वापरला जात असेल, तर नव्या फोनबद्दल माहिती-तंत्रज्ञान विभागाला आगाऊ कळवावे. अँड्रॉइडवर ब्रीफकेसच्या चिन्हासह दिसणारी कामाची ॲप वेगळ्या वर्क प्रोफाइलमध्ये असतात आणि ती बाकीच्या माहितीबरोबर आपोआप नव्या फोनवर जात नाहीत. तिथे नोंदणी पुन्हा करावी लागते. हा बदल कामाच्या दिवशी, मदत करणारे लोक जागेवर असताना करावा. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी केला, तर सुट्टीनंतरच्या सकाळी बैठकीची वेळ झालेली असते आणि व्हीपीएन, म्हणजे कार्यालयाच्या नेटवर्कशी बाहेरून जोडणारे ॲप, कोड मागत बसलेले असते.

घरातल्या ज्येष्ठांचा फोन बदलायचा असेल तर तयारी दुप्पट लागते, आणि तिचा मोठा भाग तांत्रिक नसतो. ज्येष्ठ मंडळी पुष्कळदा ॲपची नावे वाचत नाहीत, जागा ओळखतात: खालून दुसऱ्या ओळीत डावीकडचे हिरवे चिन्ह दाबले की धाकटीशी बोलता येते, एवढे त्यांना पुरेसे असते. म्हणून जुन्या फोनच्या प्रत्येक होम स्क्रीनचे छायाचित्र दुसऱ्या फोनने काढून ठेवावे आणि नव्या फोनवर चिन्हांची मांडणी शक्य तितकी तशीच करावी. अक्षरांचा आकार, रिंगटोन, घंटीचा आवाज, कीबोर्डची भाषा, औषधांच्या वेळेचे अलार्म आणि स्पीड डायलवरचे क्रमांक एका कागदावर टिपून घ्यावेत, कारण यांतले थोडे येते, थोडे येत नाही, आणि काय आले नाही हे चुकलेल्या औषधाच्या वेळी कळणे परवडणारे नसते. श्रवणयंत्र नव्या फोनशी जुळते का, ते खरेदीपूर्वीच पाहावे. रक्तातील साखर मोजणारे काही सेन्सर ज्या फोनने सुरू केले त्याच्याशीच बांधलेले असतात. अशा वेळी फोनची अदलाबदल जुना सेन्सर संपून नवा लावण्याच्या दिवशी करणे सोयीचे. लॉक स्क्रीनवरून दिसणारी वैद्यकीय माहिती आणि आणीबाणीचे संपर्क नव्याने भरावेत. आणि हे सारे त्यांच्याशेजारी बसून, त्यांच्या हाताने करून घ्यावे; फोन उचलून दुसऱ्या खोलीत नेला आणि तासाभराने तयार करून आणून दिला, तर पुढचे कित्येक दिवस रोजचे प्रश्न आपल्यालाच सोडवायचे असतात.

मुलांच्या फोनबाबत एकच पाहावे: फॅमिली लिंक (गुगलची) किंवा स्क्रीन टाइम (ॲपलची) या मुलांच्या फोनवापरावर मर्यादा घालणाऱ्या सोयींचे नियंत्रण ज्या पालकाच्या फोनवर आहे, तोच फोन बदलत असेल तर त्या खात्याचा पासवर्ड आणि स्क्रीन टाइमचा पासकोड दोन्ही माहीत हवेत. मुलांना तो पासकोड ठाऊक असण्याची शक्यता पालकांना वाटते त्यापेक्षा जास्त असते, तेव्हा बदलायला ही वेळ बरी आहे.

सिम सर्वांत शेवटी हलवावे. सिमला पिन असेल तर तो माहीत असावा; तीनदा चुकला की पीयूके कोड (सिम पुन्हा उघडण्याचा कोड) मागितला जातो आणि तोही दहादा चुकला तर ते सिम कायमचे निकामी होते. ई-सिम, म्हणजे कार्डाऐवजी फोनमध्येच नोंदवलेले सिम, असल्यास ते कसे हलवायचे हे कंपनीकडून आधीच विचारून घ्यावे. सिम हलल्यावर बँकेच्या ॲपची नव्याने नोंदणी करावी, पण ज्या दिवशी मोठी रक्कम भरायची आहे तो दिवस त्यासाठी निवडू नये, कारण काही बँका नव्या फोनवरून होणाऱ्या व्यवहारांची मर्यादा सुरुवातीला कमी ठेवतात.

दोन आठवड्यांत अडचण आली नाही की जुना फोन पुसायला घ्यावा. त्यापूर्वी त्यावरून खाती साइन आउट करावीत आणि आयफोनवर 'फाइंड माय' ही हरवलेला फोन शोधण्याची सोय बंद करावी, अन्यथा फोन पुसल्यावरही तो जुन्या मालकाचाच पासवर्ड मागत राहू शकतो. ही चोरीविरोधी सोय आयफोनवर २०१३ पासून आणि अँड्रॉइडवर ५.१ या आवृत्तीपासून आहे. सिम आणि मेमरी कार्ड बाहेर काढून मग सेटिंग्जमधूनच फॅक्टरी रीसेट करावे. अलीकडच्या फोनमधली माहिती एन्क्रिप्ट केलेली असते आणि रीसेट करताना तिची किल्लीच नष्ट होते, त्यामुळे पुसल्यानंतर फोन निरर्थक चित्रफितींनी भरून पुन्हा पुसण्याचा जुना उपाय आता लागत नाही. फोन घरातच राखीव ठेवायचा असेल तर बॅटरी निम्मी भरून, बंद करून, थंड जागी ठेवावा. बॅटरी फुगून पाठ उचलली गेलेली दिसली तर तो चार्ज करू नये, दाबून बसवू नये आणि घरच्या कचऱ्यातही टाकू नये. ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रात द्यावा. त्यानंतर खात्याच्या उपकरणांच्या यादीत जाऊन जुन्या फोनचे नाव काढून टाकावे.