क्रॉस-कंट्रीनंतर बल्ल्या पाडणारा घोडा: काय लागू पडलं

क्रॉस-कंट्रीत (मोकळ्या रानातल्या पक्क्या अडथळ्यांवरून दौड) सुसाट पळालेला घोडा शो जंपिंगला (मैदानात, पडू शकणाऱ्या आडव्या बल्ल्यांवरून उड्या) लांबट, सपाट उडी घेतो. बल्ली पडली की 4 दंडगुण. उंची वाढवून हे सुटत नाही, अंतर मोजून सुटतं.

आधी जमीन बघा. वावरातली काळी माती पावसाळ्यात घसरते, उन्हाळ्यात भेगाळते. दाबलेल्या मुरमावर रेती टाकून घ्या. बल्ल्या निलगिरीच्या, साडेतीन मीटर. बांबू नकोच, चिरला की टोकं पायात घुसतात.

70 सेंमीचे दोन अडथळे, मध्ये 60 फूट. उतरायला 6, उडायला 6, उरलेल्या 48 मध्ये 12 फुटांच्या 4 ढांगा (दौडीतल्या झेपा). हे सहज जमलं की त्याच अंतरात 5 ढांगा बसवा. खरी मेहनत इथेच आहे. लगाम ओढून ढांग आखूड केली तर घोडा डोकं वर करतो, पाठ खाली जाते, मागचे पाय लोंबतात आणि बल्ली पडतेच. म्हणून वेग वळणावरच आवरा: तुमचं धड सरळ, पोटऱ्या घोड्याच्या कुशीला लागलेल्या. शेवटच्या तीन ढांगांत हात शांत.

घोडा तरीही घाई करत असेल तर ट्रॉटनं (दुडक्या चालीनं) या, अडथळ्याआधी 8 फुटांवर जमिनीवर एक बल्ली ठेवा.

वैशाखात सराव उजाडतानाच, आणि थोडक्या उड्यांचा.